इंजिनाची सायकल चढावरच का बंद पडते?

प्रश्न : माझी गुहागरला नारळ-सुपारीची वाडी आहे. बाजारहाटासाठी मी दोन-स्ट्रोक इंजिनाचा संच बसवलेली सायकल वापरतो. जूनपासून दसऱ्यापर्यंत ती टाकीतल्या पेट्रोलसह पडवीत उभी होती. आता ती सुरू होते, सपाटीवर उत्तम चालते. पण शृंगारतळीकडचा चढ लागला की काही मिनिटांत पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते आणि दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होते. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर दोनदा साफ करून मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग) घातला. त्याने धूर वाढला, दोष मात्र तसाच आहे. — एक वाचक, गुहागर

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य ‘दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होते’ हे आहे. जेटमध्ये कचरा अडकला असता तर तो केवळ वाट पाहिल्याने सहसा निघाला नसता. थांबल्याने दूर होणारे दोष मोजकेच असतात आणि त्यांतले दोन आपल्या वर्णनाशी जुळतात : एक तर टाकीत हवा शिरत नसावी, नाहीतर इग्निशन कॉइल तापल्यावर ठिणगी देत नसावी.

माझा संशय पहिल्या कारणावर अधिक आहे. टाकीतून जेवढे पेट्रोल खाली उतरते, तेवढी हवा झाकणाच्या बारीक छिद्रातून आत यावी लागते. ते छिद्र अर्धवट बुजले असेल, तर सपाटीवर, जिथे इंजिन थोडेच पेट्रोल मागते, तिथे काही बिघडत नाही. चढावर मात्र मागणी वाढते, आतला दाब कमी होत जातो आणि शेवटी पेट्रोल नळीतून उतरेनासे होते. थांबल्यावर हवा हळूहळू आत झिरपते व गाडी सुरू होते. पडवीत चार महिने उभ्या राहिलेल्या सायकलीच्या झाकणात कुंभारीण माशीने मातीचे घर केले असेल, तर कोकणातल्या कोणाला त्याचे नवल वाटू नये.

परीक्षा सोपी आहे. पुढच्या वेळी गाडी बंद पडताच, अजिबात न थांबता, टाकीचे झाकण उघडावे. ‘स्स्’ असा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला; छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. शंका उरलीच तर घरी, इंजिन थंड असताना आणि जवळपास चूल किंवा विडी नसताना, कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत एक मिनिट पेट्रोल सोडून पाहावे. एवढे लहान इंजिन पूर्ण रेसवर तासाला साधारण एक लिटर, म्हणजे मिनिटाला सोळा-सतरा मिलिलिटर पेट्रोल घेते. त्याच्या तिप्पट-चौपट धार सहज यायला हवी. झाकण उघडे ठेवूनही ती बारीकच येत असेल, तर कॉकच्या (टाकीच्या तोटीच्या) आतली जाळी चोंदलेली आहे.

झाकण उघडून काही फरक पडला नाही, तर तिथल्या तिथे, हातमोजा घालून, प्लग काढावा, कॅपसह इंजिनाच्या धातूला टेकवावा (प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते) आणि पेडल मारून ठिणगी पाहावी. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉइल किंवा मॅग्नेटोचे (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचे) वेटोळे बदलावे लागेल. खाऱ्या हवेने वायरींचे जोड हिरवे पडलेले असतात, म्हणून नवा भाग आणण्याआधी ते घासून पाहावेत.

जुन्या पेट्रोलबद्दल मात्र मी दया दाखवणार नाही. आजच्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते आणि ते दमट हवेतले पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल व पाणी यांचा थर तळाशी बसतो, तर इंजिनाच्या वंगणासाठी मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. कॉक तळाशी असल्याने इंजिनाला आधी तो ऑइलविरहित थरच मिळतो आणि पिस्टन जाम होण्याची भीती असते. टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत तासभर ठेवून थर दिसतो का पाहावे. न दिसला तरी ते वापरू नये. नव्या पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलिलिटर टू-टी ऑइल, म्हणजे २५ : १, हे प्रमाण बहुतेक संचांना रुळल्यानंतर मानवते; आपल्या संचाच्या पत्रकात वेगळे दिले असेल तर ते पाळावे.

हे सर्व झाल्यावर मूळ जेट परत बसवावा. मिस्त्रींनी पेट्रोल कमी पडते हे अचूक ओळखले, पण ते कार्ब्युरेटरच्या आधीच अडत असताना जेट मोठा करून काय होणार? त्यानंतर चढ चढून लगेच इंजिन बंद करून प्लग पाहावा. सोललेल्या सुपारीसारखा तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळा व ओला असेल तर कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर घ्यावी, म्हणजे सुई खाली येऊन पेट्रोल कमी होते. पांढराफटक असेल तर क्लिप उलट दिशेने सरकवावी आणि तोवर चढावर जाऊ नये.

प्रश्न : रेस सोडली तरी इंजिन काही वेळ मोठ्याने चालतच राहते. स्क्रू फिरवूनही फरक नाही. — एक वाचक, मालवण

उत्तर : आधी गंजलेली केबल अडकत नाही ना, ते पाहावे, किनाऱ्यावर हे नेहमीचेच. केबल मोकळी असेल, तर कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधल्या जोडातून हवा शिरत असावी. इंजिन स्लोवर असताना त्या जोडावर ब्रशने थोडे ऑइल लावावे. आवाज बदलला तर पॅकिंग बदलून नट समान कसावेत. ही तपासणी पेट्रोल शिंपडून कधीही करू नये.

प्रश्न : अशा सायकलीला नोंदणी लागते का? — एक वाचक, दापोली

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. बाजारात ‘८० सीसी’ म्हणून विकले जाणारे संच प्रत्यक्षात बहुधा ६६ सीसीच्या आसपास असतात, पण तेही या मर्यादेच्या बरेच वर असल्याने त्यांना ही सूट मिळत नाही, म्हणजे नोंदणी लागते.