विहिरीत पेट्रोल, बोअरमध्ये क्रोमियम : दूषित भूजलाची प्रश्नोत्तरे

प्रश्न : शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली. विहिरीला वास येतो. सतत उपसा केला तर पाणी साफ होईल का?

उलट होईल. जोरात उपसलं की जमिनीत उतरलेलं पेट्रोल तुमच्याच विहिरीकडे ओढलं जातं. शिवाय विहिरीत साठलेल्या वाफेला मोटरची एक ठिणगी पुरते. म्हणून मोटर बंद ठेवा. हे पाणी उकळून पिणंही चुकीचं, कारण पेट्रोलमधलं विषारी बेंझिन वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढं नाकाला कळत नाही, तेव्हा वास गेला म्हणजे पाणी निर्धोक झालं असं समजू नका.

आधी गळती बंद करून टाकी रिकामी करायची, मग पाण्यावर तरंगणारं पेट्रोल काढायचं. विरघळलेल्या भागाचा नंबर त्यानंतर.

प्रश्न : बोअरमधून हवा सोडून पाणी शुद्ध करतात म्हणे. आमच्याकडे चालेल?

वाळूच्या थरात छान चालतं. आपल्या काळ्या पाषाणात हवा सापडेल त्या एका भेगेतून निघून जाते, बाकीचा खडक तसाच राहतो. हवेबरोबर उडालेली पेट्रोलची वाफ कुणाच्या तळघरात निघाली तर आणखी धोका. वर जाड मुरूम असेल तर एका बोअरवर चाचणी घ्या आणि आजूबाजूच्या निरीक्षण बोअरमध्ये दाब व विरघळलेला ऑक्सिजन मोजा. तिथे फरक दिसला नाही, तर त्यावर पैसे घालू नका.

प्रश्न : कारखान्याच्या आवारातल्या बोअरमध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप) सापडलं. त्यावर जमिनीत काय सोडायचं, फेरस सल्फेट (लोखंडाचा क्षार) की साखर कारखान्यातली मळी?

दोन्हींनी त्याचं कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमियम होतं आणि ते खाली बसतं. हिशेबाने १ मिलिग्रॅम क्रोमियमला सुमारे १६ मिलिग्रॅम स्फटिकी फेरस सल्फेट लागतं. प्रत्यक्षात जास्तच, कारण पाण्यातला ऑक्सिजनही ते खातो. मात्र लोखंडाच्या गाळाने बोअरची जाळी बुजते. मळी सावकाश आणि दीर्घकाळ काम करते, पण अति झाली की खडकातलं लोह, मँगनीज, कधी आर्सेनिकही पाण्यात उतरतं. त्यामुळे फक्त क्रोमियम तपासून भागत नाही.

प्रश्न : पावसाळ्यानंतरचा अहवाल उत्तम आला. शुद्धीकरणाची यंत्रणा बंद करू?

घाई नको. ऑक्टोबरचा आकडा बहुतेकदा पावसाच्या पाण्याने पातळ झालेला असतो. ऑक्टोबरची तुलना मागच्या ऑक्टोबरशी आणि मेची मेशी करा. प्रत्येक नमुन्यासोबत पाण्याची पातळी लिहून ठेवा. पातळी चढली की वरच्या मुरमात अडकलेलं पेट्रोल पुन्हा भिजतं आणि आकडा वाढतोही.

नमुना घेताना मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्याच वेगाने उपसा. सामू आणि विद्युतवाहकता तीन वाचनांत स्थिर झाली की बाटली भरा. बेंझिनसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरायची. उलटी केल्यावर एक बुडबुडा जरी दिसला तरी तो नमुना टाकून नवा घ्या, कारण बेंझिन त्या हवेत निसटतं.

आकडा मर्यादेखाली आला की यंत्रणा थांबवा, मात्र बोअर बुजवू नका. खडकाच्या बारीक भेगांत अडकलेलं दूषित द्रव्य हळूहळू बाहेर येतं, म्हणून पुढचं निदान एक पूर्ण वर्ष, एक मे आणि एक ऑक्टोबर धरून, तपासणी चालू ठेवा.