पगार, घरपट्टी आणि राज्य

प्रश्न : मुलाला दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. डॅलसजवळ फ्रिस्कोत वर्षाला 1,15,000 डॉलर, न्यू जर्सीत एडिसनला 1,30,000. अजून लग्न झालेलं नाही. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून तेच घे असं सगळे सांगतात. बरोबर आहे का? (वाचक, ठाणे)

उत्तर : हिशेब मांडूनच पाहा. वरच्या 15,000 मधून केंद्राचा कर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची (निवृत्तिवेतन आणि म्हातारपणच्या आरोग्यविम्याची) कपात मिळून पावणेपाच हजारांच्या आसपास जातील. न्यू जर्सीचा प्राप्तिकर 1,30,000 वर साधारण 6,000. म्हणजे हातात जास्तीचे चारेक हजार, महिन्याला साडेतीनशे. एडिसनचं घरभाडं फ्रिस्कोपेक्षा महिन्याला याहून जास्त असेल, तर टेक्सास पुढे.

पण फ्रिस्कोत गाडीवाचून चालत नाही. डॅलसची लोकल तिथवर जात नाही. एडिसनहून न्यूयॉर्कला थेट गाडी आहे.

खरी मेख घर घेताना. घरपट्टी दोन्हीकडे जबर, न्यू जर्सीत तर देशात सर्वाधिक. टेक्सासात आकारणी 1 जानेवारीच्या स्थितीवर होते. वर्षाच्या मध्यात पुरं झालेल्या नव्या घराला पहिली पट्टी बरेचदा नुसत्या जमिनीची येते आणि कर्जाच्या हप्त्यातच घरपट्टी गोळा करणारी बँक त्यावरच हप्ता बसवते. पुढच्या वर्षी अख्ख्या घराची पट्टी लागते; मागची तूट आणि ही वाढ, दोन्ही हप्त्यात येऊन बसतात. पाच लाखांच्या घराला 2 टक्के दर धरून 10,000 डॉलर आधीपासूनच बाजूला काढावेत. राहत्या घराची सवलत अर्जाशिवाय मिळत नाही, तो राहायला जाताच करावा. विम्यात गारपिटीचं कलम वाचा : 2 टक्के स्वतःचे असतील, तर चार लाखांच्या विम्यावर छप्पर बदलताना पहिले 8,000 खिशातून.

प्रश्न : राज्यांच्या जीवनमानाच्या क्रमवाऱ्या कितपत मानाव्यात? (वाचक, नाशिक)

उत्तर : बेताने. 2020 मध्ये सरासरी आयुर्मान हवाईत 80.7 वर्षं होतं, मिसिसिपीत 71.9. तफावत मोठीच, पण हवाई महागाईतही वरच्या रांगेत. कशाला किती गुण, यावर यादी फिरते. शिवाय राज्याची सरासरी गल्लीपर्यंत पोचत नाही. पत्त्यात फ्रिस्को असलं, तरी घर शेजारच्या प्रॉस्परच्या किंवा लुइसव्हिलच्या शाळा-जिल्ह्यात (पत्त्यावरून सरकारी शाळा ठरवणाऱ्या विभागात) असू शकतं; घर पाहायला निघण्याआधी तो पत्ता शाळा-जिल्ह्याच्या नकाशावर तपासावा.