वाचकांचे प्रश्न : यादीत नाव घालण्याची जबाबदारी कोणाची?

प्रश्न : लोकप्रशासनाचा अभ्यास करताना असे वाचनात आले की, अनेक देशांत मतदार यादी तयार करण्याचे काम नगरपालिका किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यांसारख्या स्थानिक संस्था करतात. या संस्थांवर निवडून आलेल्यांचाच ताबा असतो. मग आपल्याला कोण मत देणार, याची यादी त्यांच्याच कार्यालयात तयार होणे धोक्याचे नाही का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि इतिहासात तिला पुरावाही आहे, त्याकडे पुढे वळतो. त्याआधी हे काम स्थानिक संस्थांकडे का आले, ते पाहू. मतदार यादी ही मुळात पत्त्यांची यादी असते. कोण कोठे राहायला आले, कोणी घर सोडले, कोणाचे निधन झाले, कोणत्या पडीक जागेवर नवी इमारत उभी राहिली, हे सर्वांत आधी त्या गावाच्या किंवा शहराच्या दप्तरात उमटते. दूरच्या राजधानीत बसून ही यादी ताजी ठेवणे अवघड असते.

मात्र स्थानिक संस्थेकडे काम सोपवण्याच्या पद्धतींत मोठा फरक आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्या फरकातच आहे : नाव यादीत यावे यासाठी धडपड कोणी करायची, नागरिकाने की कार्यालयाने?

जर्मनीत ती जबाबदारी बहुतांशी कार्यालयावर आहे. तेथे घर बदलल्यानंतर २ आठवड्यांच्या आत नव्या पत्त्याची नोंद स्थानिक कार्यालयात करणे प्रत्येक रहिवाशाला बंधनकारक असते. संसदेच्या निवडणुकीच्या वेळी मतदानापूर्वीच्या ४२व्या दिवशी ज्या पात्र नागरिकाची नोंद ज्या नगरपालिकेत असेल, तिच्या यादीत त्याचे नाव आपोआप येते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंत त्याला सूचनापत्र पोहोचावे, अशी तरतूद आहे, आणि पुढच्या काही दिवसांत आपली नोंद तपासून हरकत घेता येते. ज्याचा पत्ताच कोठे नोंदलेला नाही, अशा बेघर माणसाला मात्र अर्ज करावा लागतो.

ब्रिटनमध्ये जबाबदारी वाटून घेतलेली आहे. १९८३च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार इंग्लंडमधील प्रत्येक जिल्हा परिषद किंवा लंडनमधील बरो (शहराच्या एका भागाचा कारभार पाहणारी परिषद) आपल्याच एका अधिकाऱ्याची मतदार नोंदणी अधिकारी म्हणून नेमणूक करते. त्याला लागणारा खर्च परिषद देते. मात्र यादीबाबतची कर्तव्ये कायद्याने थेट त्या अधिकाऱ्यावर टाकलेली आहेत, त्यामुळे सत्ताधारी सदस्यांच्या सोयीने यादी लहानमोठी करण्याची मुभा त्याला नसते. कर्तव्यात कसूर झाल्यास दंडाची तरतूद आहे. दरवर्षी परिसरातील घरांची पडताळणी करावी लागते, उत्तर न देणाऱ्या घरांचा पाठपुरावा करावा लागतो, आणि सुधारित यादी सामान्यतः १ डिसेंबरपर्यंत प्रसिद्ध होते. पूर्वी कुटुंबप्रमुख सर्वांची नावे एकाच कागदावर भरून देत असे. २०१४पासून प्रत्येकाने स्वतः नोंदणी करायची, असा नियम झाला. बनावट नावे रोखण्यासाठी हा बदल योग्यच होता, पण त्यामुळे वारंवार भाड्याचे घर बदलणाऱ्या तरुणांवरचा भार वाढला, हेही नोंदवले पाहिजे. बेघरांसाठी तेथे एक चांगली सोय आहे : ज्या ठिकाणी आपला अधिक वेळ जातो, त्या ठिकाणाशी असलेला संबंध लेखी जाहीर करून नाव नोंदवता येते.

आता तुमच्या शंकेकडे येतो. अमेरिकेत अलाबामा राज्यातील सेल्मा या शहरात, डलास काउंटीचे नोंदणी कार्यालय १९६०च्या दशकाच्या आरंभी महिन्यातून केवळ दोन सोमवारी नियमितपणे उघडत असे. कृष्णवर्णीय नागरिकांना नोंदणीचा अधिकार नाही, असे तेथे कोठेही लिहिलेले नव्हते. अर्जदारांना लांबलचक प्रश्न विचारले जात, साक्षरतेच्या परीक्षेत किरकोळ कारणाने नापास केले जात असे, आणि दिवसभरात मोजकेच अर्ज हाती घेतले जात. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी तेथे सुमारे ३५० कृष्णवर्णीय नागरिक नोंदणीसाठी दिवसभर रांगेत उभे राहिले. त्यांच्यासाठी अन्नपाणी घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारहाण केली, आणि त्या रांगेतील फारच थोड्या जणांना आत जाऊन अर्ज भरता आला. कार्यालयाची वेळ आणि खिडकीवरील कारकुनाचा वेग एवढ्यावर मताधिकार कसा अडवता येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. ऑगस्ट १९६५मध्ये मताधिकार कायदा संमत झाल्यावर केंद्र सरकारने निवडक काउंट्यांमध्ये स्वतःचे परीक्षक पाठवले आणि स्थानिक अधिकाऱ्यांना बाजूला ठेवून काही दिवसांतच नोंदणी सुरू केली.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : काम स्थानिक संस्थेकडे असण्यात धोका आहे, पण नियम, वेळा, मुदती आणि अपिलाचा मार्ग हे सारे त्याच संस्थेच्या हाती असेल तर तो धोका कितीतरी पटींनी वाढतो.

प्रश्न : नोंदणीसाठी एकच मुख्य कार्यालय ठेवावे की ठिकठिकाणी केंद्रे उघडावीत? केंद्रे वाढली की चुका वाढतात, असे आमच्या संस्थेतील काहींचे मत आहे.

उत्तर : केंद्रे अवश्य वाढवावीत, पण अर्ज स्वीकारणे आणि अर्जावर निर्णय देणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत. अमेरिकेतील १९९३च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्याने नेमके हेच केले. वाहनचालक परवाना देणारी कार्यालये, सार्वजनिक साहाय्य देणारी कार्यालये आणि अपंगांसाठी सेवा देणाऱ्या संस्था यांना नोंदणीचे अर्ज देणे व स्वीकारणे बंधनकारक झाले. पत्ता बदललेला माणूस मतदार यादीसाठी कदाचित मुद्दाम वेळ काढणार नाही, पण परवान्यासाठी किंवा मदतीच्या अर्जासाठी त्याला खिडकीवर यावेच लागते, हे त्या कायद्यामागचे शहाणपण होते. साहाय्य देणाऱ्या कार्यालयातील कर्मचारी स्वतःच्या खात्याचा अर्ज भरायला जेवढी मदत करतो, तेवढीच मदत त्याने मतदार नोंदणीच्या अर्जासाठीही करायची असते, आणि अर्जदाराच्या पक्षीय पसंतीवर प्रभाव पडेल असे काही बोलण्यास किंवा दाखवण्यास त्याला मनाई असते. भरलेला अर्ज साधारणपणे १० दिवसांत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचवावा लागतो. मुदत अगदी जवळ आली असेल तर ५ दिवसांत. पात्रतेचा निर्णय केंद्रावर होत नाही.

चुका बहुधा या मधल्या प्रवासातच होतात. अर्ज गठ्ठ्यात राहून जातो, मुदत उलटते आणि मतदानाच्या दिवशी माणूस रिकाम्या हाताने परततो. म्हणून आपल्या संस्थेने केंद्रांच्या संख्येपेक्षा दोन गोष्टींकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवीन : प्रत्येक अर्जाला दिनांक व क्रमांक असलेली पोचपावती, आणि अर्ज अपुरा असेल तर तो नामंजूर करण्याआधी त्रुटी कळवणारे पत्र. कामावर जाणाऱ्यांसाठी एखादी संध्याकाळ आणि सुट्टीचा एखादा दिवस कार्यालय उघडे ठेवणे, हेही तितकेच गरजेचे आहे.

प्रश्न : मृत आणि स्थलांतरित व्यक्तींची नावे वर्षानुवर्षे यादीत राहतात. ती तत्काळ का काढली जात नाहीत?

उत्तर : मृत्यूची नोंद आणि यादीतील नाव यांची खात्रीलायक जुळणी झाली की नाव तत्काळ काढावे, यात दुमत नसावे. स्थलांतराचे मात्र तसे नाही. एकच नाव आणि एकच जन्मतारीख असलेल्या दोन वेगळ्या व्यक्ती मोठ्या लोकसंख्येत सहज सापडतात. संगणकाने जुळवलेल्या नोंदीवर विसंबून नाव काढले, तर जागेवरच राहणारा माणूस यादीबाहेर जातो. त्यामुळेच अमेरिकेतील १९९३च्या त्याच कायद्यानुसार, मतदाराने स्वतः लेखी कळवले नसेल, तर पत्ता बदलल्याच्या कारणावरून नाव काढण्यापूर्वी त्याला नोटीस पाठवावी लागते, आणि उत्तर न आल्यास त्यानंतरच्या दोन सार्वत्रिक संघीय निवडणुकांत त्याने मतदान केले नाही, तरच नाव निघते. सरसकट छाननीची मोहीम मतदानाच्या ९० दिवस आधी पूर्ण करावी लागते, कारण शेवटच्या दिवसांत काढलेले नाव परत घालायला वेळच उरत नाही. जास्तीचे एखादे नाव यादीत राहिले तर मतदान केंद्रावर ओळख पटवून ते अडवता येते. चुकून काढलेल्या नावाचा मालक मात्र आपला हक्क गमावून बसतो. दोन्ही चुका सारख्या मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या नगरपालिकेत नाव नोंदवायला गेलो, तर ‘हे आमचे काम नाही’ असे उत्तर मिळाले. ते बरोबर आहे का?

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने बरोबर, पण अपुरे. भारतात लोकसभा व विधानसभेच्या याद्या भारत निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली मतदार नोंदणी अधिकारी तयार करतो. नाव घालण्यासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ त्याच्याकडे द्यावा लागतो. स्थानिक संस्थांनी या कामासाठी मागणीनुसार कर्मचारी पुरवावेत, असे १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९मध्ये म्हटले आहे, त्यामुळे आपल्या भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (एका मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) कोण, हे तुम्हाला सांगणे त्यांना अवघड नव्हते. महाराष्ट्रात नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी प्रभागवार विभागली जाते. मूळ यादीत नसलेले नाव प्रभागाच्या यादीत नव्याने घालता येत नाही. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच अर्ज करावा. अर्ज नामंजूर झाला तर १५ दिवसांच्या आत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि त्यांचा निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते.