नव्या क्राइम रिपोर्टरसाठी: फोन कोणाला लावायचा

आधी हद्द बघ. रुळांवर मृतदेह सापडला तर तो लोहमार्ग पोलिसांचा, त्यांचे आयुक्त वेगळे. दहिसर चेकनाक्यापलीकडे २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. इथेच निम्म्या बातम्या चुकतात.

मुंबईत पोलीस ठाण्याचा प्रमुख वरिष्ठ निरीक्षक, सगळे त्याला 'सिनियर' म्हणतात. त्याच्या हाताखाली आणखी निरीक्षक असतात, म्हणून 'पीआय (पोलीस निरीक्षक) म्हणाले' एवढं लिहून भागत नाही. वर विभागाचे एसीपी (सहायक आयुक्त), मग परिमंडळाचे डीसीपी (उपायुक्त). प्रादेशिक विभाग पाच: दक्षिण, मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर; प्रत्येकाला अपर आयुक्त.

गुन्हे शाखा या साखळीत बसत नाही. तिची युनिटं सहआयुक्त (गुन्हे) यांच्याकडे. युनिटने अटक केली तर परिमंडळाच्या डीसीपींना तपशील विचारून उपयोग नसतो, आणि ते चिडतात ते वेगळंच. वाहतुकीचंही तसंच.

कलमं वाचत जा. ॲट्रॉसिटी लागली की तपास एसीपींकडे जातो, फौजदाराला छळू नकोस. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लावायला अपर आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ती मिळाल्याची खात्री होईपर्यंत 'मोक्का लावला' असं छापू नकोस.