राग गिळला म्हणजे राग गेला असं नाही

पत्र: ताई, मी अंबड एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) लाईनवर सुपरवायझर आहे. आधी इथेच ऑपरेटर होतो. मध्यंतरी डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना बोअर ओव्हरसाइज झालेला, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं पडलेला माल निघाला. मी एका वयस्कर ऑपरेटरना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. ‘जमत नसेल तर गावाला जाऊन ढोरं राखा’ असंही म्हणालो. मला मशीन त्यांनीच शिकवलं होतं. अप्रेझलमध्ये साहेबांनी शेरा मारला, ‘इमोशनल इंटेलिजन्स कमी.’ आता कंपनीत राग गिळतो, पण द्वारकेच्या ट्रॅफिकमधून हिरावाडीला पोचेपर्यंत डोकं भणाणतं. घरी कुणाशी बोलत नाही. माझ्या गाडीचा आवाज आला की मुलगी वह्या उचलून आतल्या खोलीत जाते. मऊ वागलो तर पोरं डोक्यावर बसतील. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर:

दादा,

मुलगी वह्या उचलून आत जाते हे तुम्ही पाहिलंत आणि ते तुम्हाला लागलं. कित्येक घरांत वर्षानुवर्षं हे होत राहतं आणि बापाच्या ध्यानीमनीही नसतं. तेव्हा तो शेरा जिव्हारी लावून घेऊ नका. पण कागद फाइलला लावून विसरूही नका.

1990 साली पीटर सालोवे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी इमोशनल इंटेलिजन्सची, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली. स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक कळून घ्यायचा आणि त्या माहितीचा उपयोग करून विचार करायचा, वागायचं, असं त्यांचं म्हणणं. पुढे 1995 मध्ये डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिरली आणि बऱ्याच ठिकाणी तिचं ‘गोड बोला, शांत राहा, दहापर्यंत आकडे मोजा’ एवढंच उरलं. मला हे मनापासून खटकतं. तुम्हीही तेच करून बघताय आणि ते घरच्यांना भोवतंय.

चेहऱ्यावर काही दिसू न देणं आणि राग उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनोळखी बायकांच्या जोड्यांना मन अस्वस्थ करणारी फिल्म दाखवून तिच्यावर बोलायला बसवलं होतं. काही जोड्यांतल्या एकीला आधीच सांगून ठेवलं होतं की भावना चेहऱ्यावर येऊ द्यायच्या नाहीत. समोरचीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी तिचा रक्तदाब वाढला. तुम्ही घरी एक शब्द बोलत नाही, मग सगळे धास्तावलेले का, याचं उत्तर यात आहे. तुमचा अबोला घरातल्यांच्या अंगावर येतो.

आता त्या दिवसाकडे वळू. कस्टमरची तक्रार आली की तुम्ही लोक व्हाय-व्हाय, म्हणजे एकामागून एक ‘का?’ विचारत मूळ कारणापर्यंत जायचा कागद, भरता ना? एकदा तो कागद स्वतःच्या रागासाठी भरा. का चिडलो? गाडी गेटवर उभी होती. त्याचं एवढं काय? माल वेळेत गेला नाही तर कस्टमरची लाईन थांबते, वरून फोन येतो. फोनची एवढी धास्ती का? इथून पुढची ओळ तुम्ही लिहायची आहे. माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. कालपर्यंत ज्यांच्या शेजारच्या मशीनवर उभे होतात, त्यांच्याच डोक्यावर तुम्हाला बसवलंय. ‘याला झेपत नाही’ असं कुणी म्हणेल ही भीती पोटात आहे. खराब निघालेला प्रत्येक पीस त्या भीतीला हात घालतो. आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्याच हातून चूक झाल्यावर त्यांना सांगायचं कसं, हा संकोचही असणार. ही भीती आणि हा संकोच, दोन्ही रागाचं तोंड घेऊन बाहेर आले.

हे ओळखल्याचा उपयोग होतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये लोकांना चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्यावरची भावना शब्दांत ओळखायला लावली. तसं करताना मेंदूतल्या अमिग्डाला या, भीती-रागाशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी झालेली स्कॅनमध्ये दिसली. म्हणून ‘डोकं फिरलंय’ एवढ्यावर थांबू नका. वैताग आहे, अपमान वाटतोय, धसका बसलाय की नुसतीच झोप झालेली नाही, हे मनातल्या मनात नेमकं सांगा. झोपेचं मुद्दाम म्हणते. तिसरी शिफ्ट करून दिवसा चार तास डोळा लागलेल्या माणसाला क्षुल्लक गोष्टही डोंगराएवढी वाटते. शिफ्ट बदलण्याच्या दिवसांत मोठे निर्णय आणि मोठी भांडणं, दोन्ही पुढे ढकला.

पोरं डोक्यावर बसतील, ही तुमची खरी काळजी. मला वाटतं, उलट गोष्टीची काळजी करायला हवी. ते वयस्कर ऑपरेटर काका पूर्वी मशीनचा आवाज बदलला, इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजत आला, की आपणहून येऊन सांगत असतील. त्या दिवसानंतर किती वेळा आले? ज्याला चारचौघांत ढोरं राखायला जा म्हटलं, तो संशय आला तरी गप्प राहतो आणि माल ट्रेमध्ये पडत जातो. ओव्हरसाइज बोअर तर रीवर्कही होत नाही, सरळ भंगारात. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या नर्सिंग टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चाललेल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. पुढे उलगडलं ते असं की तिथे चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. तुमच्या लाईनवर कुणी काही सांगायला येत नसेल तर त्याला शिस्त समजू नका.

आणि कडक राहाच. माणसावर घसरू नका, कामावर कडक राहा. पुढच्या वेळी रिजेक्शन निघालं की पहिलं वाक्य प्रश्नाचं असू द्या: ‘पहिला खराब पीस कितवा? ऑफसेट (मशीनमध्ये भरलेलं मापाचं सेटिंग) कुणी, कधी बदलला? इन्सर्ट कधीचा आहे?’ आवाज चढलेला असला तरी चालेल, प्रश्न मशीनचा असला की समोरचा उत्तर शोधायला लागतो. निष्काळजीपणा ठरलाच तर त्या माणसाला बाजूला घ्या आणि काय चुकलं, पुढे काय चालणार नाही, हे स्पष्ट सांगा. त्यात मऊपणा कुठेच नाही.

घरचं थोडक्यात सांगते, कारण तिथे युक्त्यांपेक्षा बोलणं लागतं. घरात पाऊल टाकल्यावर एक वाक्य बोला: ‘आज माल रिजेक्ट झाला, डोकं जड आहे, अर्धा तास दे, मग बसतो.’ आणि अर्ध्या तासाने खरंच बसा, मोबाइल न घेता. मुलीला निराळं सांगा की बाबा चिडले होते ते कंपनीतल्या गोष्टीवर, तुझ्यावर नाही. बाप गप्प असला की आपलंच काहीतरी चुकलं असं मुलं धरून चालतात. राग हातापर्यंत येत असेल, किंवा उतरवायला दारू लागत असेल, तर एकट्याने झुंजू नका, समुपदेशकाला गाठा. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

साहेबांकडेही एकदा जा. शेरा कोणत्या प्रसंगावरून मारला ते विचारा, वाद घालू नका. पुढच्या अप्रेझलपर्यंत काय बदललेलं दिसायला हवं, हेही त्यांच्याच तोंडून ऐका.

पण त्याआधी काकांचं. हे टाळू नका. चारचौघांत बोललात, तर माफीही चारचौघांतच मागायची. कँटीनच्या कोपऱ्यात हळूच ‘सॉरी काका’ म्हणून भागणार नाही, कारण ज्यांनी त्यांचा अपमान पाहिला त्यांनी तो भरून निघतानाही पाहायला हवा. शिफ्ट बदलताना दोन्हीकडची माणसं लाईनवर असतात, तेव्हा बोला. ‘काका, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. मला मशीन तुम्ही शिकवलंत. माल खराब झाला त्यावर आपण बोलू, पण तसं बोलायचा मला अधिकार नव्हता.’ ‘टेन्शन होतं म्हणून’ हे पुढे जोडू नका, त्याने माफीची किंमत जाते. ते कदाचित ‘जाऊ द्या साहेब’ म्हणून मशीनकडे वळतील. वळू द्या, मागे लागू नका. दुसऱ्या दिवसापासून राउंडला गेलात की त्यांच्या मशीनपाशी थांबून विचारा, ‘काका, आज मशीन कसं चाललंय?’ आणि ते सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या, मधे बोलू नका.

– ताई