डॉक्टर निवडून आले, पण करार दुसऱ्याच्या हातात

प्रश्न : कामगार नेते डॉ. दत्ता सामंत आमदार होते, पुढे खासदार झाले. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार १९८२ला त्यांच्या शब्दावर संपात उतरले. तरी मालकांनी त्यांच्याशी बोलणी का केली नाहीत?

उत्तर : त्याचं मूळ १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे. गिरणगावात, म्हणजे मुंबईतल्या गिरण्यांच्या वस्तीत, त्याला बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) म्हणत. एका भागातल्या एका उद्योगात प्रातिनिधिक संघटना एकच, आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा पहिला हक्क तिचा. कापड गिरण्यांत ही जागा इंटकच्या, म्हणजे काँग्रेसप्रणीत कामगार महासंघाच्या, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. उद्या एखाद्या गिरणीतला कामगार झाडून डॉक्टरांकडे गेला, तरी मालक कायद्यावर बोट ठेवून मोकळा.

ही जागा मिळवायची तर एका गिरणीतलं बहुमत कामाचं नव्हतं. हिशेब मुंबईतल्या सगळ्या गिरण्यांचा. अर्जाआधीचे सलग तीन महिने एकूण कामगारांपैकी किमान २५ टक्के सभासद हवेत, शिवाय आधीच्या संघटनेपेक्षा जास्त. मोजणी मोर्चातल्या डोक्यांची होत नाही. वर्गणीच्या पावत्या आणि सभासद नोंदवही तपासतात. वर्गणी काही महिने थकली की सभासदत्व गेलं. संपात पगार बंद असलेल्या माणसाने ती दरमहा भरायची कुठून? लोक मागे असूनही कागदावर संघटना उभी राहत नाही, ती इथे.

म्हणूनच १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं यांच्या जोडीला बीआयआर रद्द करा ही मागणी होती. बदली कामगार पाळीच्या वेळी गेटवर येऊन उभा राहायचा. कायम कामगाराचा खाडा असेल तर त्या दिवसाचं काम, नाहीतर डबा घेऊन परत. आमच्या मते बीआयआरची मागणी सर्वांत मोलाची होती, आणि सरकार तिथेच हललं नाही.

प्रश्न : मग खासदारकीचा उपयोग काय झाला?

उत्तर : या कायद्यापुरता फारसा नाही. घाटकोपरला दवाखाना चालवताना खाणकामगारांसाठी उभे राहिलेले डॉक्टर १९७२ला काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत गेले आणि आणीबाणीत तुरुंगात. १९८४च्या अखेरीस, इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, त्यांनी दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभा जिंकली. गिरणगावाने दिलेला हा कौल फार मोठा होता. पण बीआयआर राज्याचा कायदा. तो बदलायची जागा विधिमंडळ, आणि तिथे बहुमत काँग्रेसचं. १९८९ला डॉक्टरांची लोकसभेची जागा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे गेली. कम्युनिस्ट आमदार कॉ. कृष्णा देसाईंच्या खुनानंतर १९७०ची परळची पोटनिवडणूक जिंकलेले तेच महाडिक.

प्रश्न : संप नेमका कधी मागे घेतला?

उत्तर : रीतसर कधीच नाही. कामगार दोन-दोन, चार-चार करून कामावर परतले. अनेकांना परत घेतलंच नाही, काहींच्या गिरण्या उघडल्याच नाहीत. त्यामुळे शेवटची तारीख सांगता येत नाही. डॉक्टरांची पवईत हत्या झाली ती १६ जानेवारी १९९७ला. संपाला पंधरा वर्षं व्हायला दोन दिवस उरले होते.