रुजू होऊन चोवीस दिवस, आणि राजीनामा

"साहेब, मुलाने नोकरी सोडली तर घरी पोलीस येतील का?" हा प्रश्न मला विचारला तो संगमनेरजवळच्या एका गावातून आलेल्या शेतकरी वडिलांनी, मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. नव्या नोकरीत रुजू होऊन महिना-दीड महिन्यात ती सोडावीशी वाटणाऱ्या मुलामुलींकडून आणि त्यांच्या पालकांकडून मी हीच भीती वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आलो आहे, म्हणून ओळख पटू नये इतके तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या एका कारखान्यात चोवीस दिवसांपूर्वी लागलेला. काम डिझाइनचे असेल असे मुलाखतीत सांगितले होते, प्रत्यक्षात त्याला रात्रपाळीत उत्पादनावर देखरेख करायला उभे केले होते. अशातच पूर्वी मुलाखत दिलेल्या दुसऱ्या कंपनीचे बोलावणे आले आणि तेथे दहा दिवसांत हजर व्हायचे होते. मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्यांना त्याने चाचपून विचारले, तेव्हा "साठ दिवसांची नोटीस आहे, वर बाँड आहे, कोर्टात खेचू" असे उत्तर मिळाले. खोलीवरचे मित्र म्हणत होते की फोन बंद कर आणि उद्यापासून जाऊ नकोस.

वडिलांना मी सर्वप्रथम एवढेच सांगितले की नोटिशीची मुदत पूर्ण न करणे हा फार तर करारभंग ठरतो. तो दिवाणी स्वरूपाचा, म्हणजे पैशाच्या देण्याघेण्याचा विषय आहे आणि त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. कंपनीचा लॅपटॉप किंवा कागदपत्रे स्वतःजवळ ठेवून निघून जाणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि मित्रांचा सल्ला ऐकला असता तर नेमके तेच घडले असते.

मग आम्ही नियुक्तिपत्र उघडले. मुलाने ते स्वीकारताना पगाराचे पान तेवढे वाचले होते, आणि याबद्दल मी त्याला दोष देत नाही, कारण पहिल्या नोकरीचा कागद हातात आल्यावर बहुतेक जण तेच पान वाचतात. साठ दिवसांची अट खरोखरच होती, पण ती नोकरी कायम झाल्यानंतरची होती. परिविक्षेच्या, म्हणजे प्रोबेशनच्या, सहा महिन्यांत दोन्ही बाजूंना पंधरा दिवसांची नोटीस पुरेशी होती, आणि तीही अपुरी पडल्यास राहिलेल्या दिवसांचे मूळ वेतन भरून देण्याची मुभा त्याच कलमात होती. हिशेब आम्ही तेथेच कागदावर मांडला. एकूण पगार ३६,००० रुपये आणि मूळ वेतन १८,००० रुपये असल्यामुळे पाच दिवस कमी पडले तर देणे ३,००० रुपयांचे होते. एकूण पगारावर धरले असते तर ते ६,००० झाले असते. म्हणून कपात कोणत्या आकड्यावर होणार, हे कलमाचे नेमके शब्द वाचूनच ठरवावे. शिवाय अशा कपातीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

बाँडचा प्रश्न अधिक गंभीर होता आणि मी तो हलका करून सांगितला नाही. वर्षभर न थांबल्यास प्रशिक्षणापोटी एक लाख रुपये, असे त्यात लिहिले होते. बाँडला काही अर्थ नसतो असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांच्या सेवेचा आणि दोन लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला. अधिकारी मध्येच सोडून गेल्यास बँकेला पुन्हा खर्चिक भरतीप्रक्रिया करावी लागते, हा मुद्दा न्यायालयाने मानला. दुसऱ्या बाजूला, १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. या मुलाचे प्रशिक्षण सुरूच झालेले नव्हते. मी वकील नाही, त्यामुळे तेवढ्या एका कागदासाठी त्याला वकिलांकडे पाठवले, आणि त्यांनी हाच मुद्दा राजीनाम्यात लेखी मांडायला सांगितला.

नव्या कंपनीला मुदत वाढवून मागण्याचा प्रयत्न त्याने केला, पण तेथे ठरलेल्या तारखेला नव्या मुलांची तुकडी रुजू होणार होती. तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी ईमेल पाठवला. त्यात कामाचा शेवटचा दिवस, नोटिशीचे कलम, कमी पडणाऱ्या पाच दिवसांच्या कपातीला संमती आणि रुजू होताना जमा करून घेतलेल्या मूळ गुणपत्रिका परत देण्याची विनंती, एवढेच होते. साहेबांवरचा राग त्याने मसुद्यात दोन परिच्छेदभर लिहिला होता. तो आम्ही काढला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले की राजीनामा मंजूर नाही, आणि मुलगा पुन्हा घाबरून फोनवर आला. मी त्याला समजावले की कोणाकडून सक्तीने वैयक्तिक सेवा करून घेण्याचा आदेश आपली न्यायालये देत नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात म्हटले होते की राजीनामा देणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. नियमात तशी अट असेल किंवा शिस्तभंगाची कारवाई चालू असेल, तर गोष्ट निराळी. त्याच्या नियुक्तिपत्रात मंजुरीची अट नव्हती. त्याने विनम्रपणे पुन्हा तीच तारीख कळवली आणि पुढचे दहाही दिवस रात्रपाळीला वेळेवर गेला. हे दहा दिवस त्याला जड गेले, कारण लाइनवर कोणी नीट बोलत नव्हते.

एका गोष्टीवर मी फार आग्रह धरला. पहिल्या नोकरीचा उल्लेख नव्या कंपनीपासून लपवू नये. भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक दोन्हीकडे एकच असतो आणि एक महिन्याची वर्गणीही पासबुकात दिसते. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर आल्या, तर पडताळणीत प्रश्न विचारले जातात. म्हणून तो पहिल्या जागेच्या शेवटच्या दिवसानंतरच तिकडे रुजू झाला.

ओळखपत्र आणि लॅपटॉप परत केल्याची पोच त्याने सही-शिक्क्यासह घेतली. कार्यमुक्तीचे पत्र यायला पाच आठवडे आणि तीन स्मरणपत्रे लागली. अंतिम हिशेबात ३,००० रुपये कापले होते, बाँडचा उल्लेख नव्हता. गुणपत्रिका आणायला वडील स्वतः चाकणला गेले आणि परत येताना त्या पिशवीत न ठेवता हातात धरून बसले होते, असे मुलाने मला सांगितले.